मामंजींचा टीव्ही आणि वाढलेली शंभर युनिटं

वाचक ताईंचं पत्र:

«सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलगे आणि सासरे. चवथीच्या आधी जुना 32 इंची टीव्ही काढून 55 इंची फोरके टीव्ही घेतला. सोबत साउंडबार आला. दुबईहून दीर आले होते, त्यांनी स्वयंपाकघरात ठेवायला बोलणारा छोटा स्क्रीन दिला. त्यावर घड्याळ असतं, रेसिपी बघता येते. टीव्ही फार छान आहे. रंग अगदी दुकानात दिसत होते तस्सेच, आणि रिमोट दाबला की क्षणात चालू होतो. पण नंतरच्या बिलात 210 च्या जागी 312 युनिटं आली. यजमान म्हणतात, हे या टीव्हीचंच काम. थोरला म्हणतो, टीव्ही बंद असला की काहीच वीज खात नाही. हे बिल आल्यापासून मामंजी रात्री झोपताना थेट मेन स्विच पाडतात. त्यावरून मुलांशी खटके उडतात, कारण वायफाय जातं. आणि आता तर मामंजी सकाळची भजनंही लावत नाहीत. ‘माझ्यामुळे बिल येतं’ म्हणतात आणि गप्प वसरीत बसतात. मला ते बघवत नाही. टीव्ही परत करायचा का? आणि थोरल्याला त्याच्या खोलीत अजून एक हवाय, त्याचं काय करू?»

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी मामंजींना सांगा की सकाळची भजनं खुशाल लावा. एका म्हाताऱ्या माणसाने दोन तास टीव्ही पाहिला म्हणून घराचं बिल शंभर युनिटांनी चढत नाही. तुमच्या घरी काय झालं असावं, याचा बराचसा उलगडा तुमच्याच पत्रात आहे.

तुम्ही लिहिलंय, ‘रंग अगदी दुकानात दिसत होते तस्सेच.’ दुकानात ट्यूबलाइटच्या लखलखाटात पन्नास टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. तिथे आपला टीव्ही उठून दिसावा म्हणून त्याचा उजेड पूर्ण चढवलेला असतो. घरी पहिल्यांदा चालू केल्यावर टीव्ही विचारतो, हा घरासाठी आहे की दुकानासाठी? बसवायला आलेला मुलगा घाईत असतो. त्याने ‘स्टोअर’ किंवा ‘रिटेल’ निवडलं, किंवा चित्राच्या सेटिंगमध्ये ‘व्हिव्हिड’ नाहीतर ‘डायनॅमिक’ लावून दिलं, की दुकानातला तो उजेड कायमचा तुमच्या हॉलमध्ये येतो. एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त वीज खातो तो पडद्यामागचा दिवा. चित्रात रात्र असो की दुपार, तो मागे जळतच असतो. त्यामुळे उजेड किती ठेवलाय यावर जवळजवळ सगळा हिशोब ठरतो.

दुसरी गोष्ट पडद्याच्या आकाराची. 32 वरून 55 म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त, असं वाटतं. पण इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. उजळायचं असतं क्षेत्रफळ, आणि ते जवळजवळ तिप्पट होतं. तुमचा जुना टीव्ही 40-45 वॉटच्या आसपास घेत असणार. नवा साध्या सेटिंगवर 100-110 आणि भडक सेटिंगवर 140 किंवा त्याहूनही जास्त घेऊ शकतो. हजार वॉट तासभर वापरले की एक युनिट होतं. मामंजींची सकाळ आणि सगळ्यांची संध्याकाळ धरून टीव्ही दिवसाला नऊ तास चालत असेल असं मानू. मग जुन्याची महिन्याला साधारण 12 युनिटं होत होती आणि नव्याची 38 च्या आसपास होतात. वाढ 26 युनिटांची. ती खरी आहे. पण 26 म्हणजे 102 नव्हेत.

‘रिमोट दाबला की क्षणात चालू होतो’ हेही तुम्ही कौतुकाने लिहिलंय. मला मात्र त्यातच पुढचा धागा दिसला. स्मार्ट टीव्ही म्हणजे आत एक छोटा संगणक असतो आणि संगणकाला जागं व्हायला वेळ लागतो. तो क्षणात उठतोय याचा अर्थ तो झोपलेलाच नाही. सेटिंगमध्ये ‘क्विक स्टार्ट’, ‘इन्स्टंट ऑन’ अशा नावाचा पर्याय चालू असेल, तर पडदा काळा झाल्यावरही टीव्ही आतून 10-20 वॉट घेत राहू शकतो. 15 धरले आणि दिवसाचे उरलेले पंधरा तास धरले, तर महिन्याला जवळपास 7 युनिटं झाली. हाच पर्याय बंद केला, तर बहुतेक नव्या टीव्हींचं स्टँडबाय, म्हणजे रिमोटने बंद असताना घेतली जाणारी वीज, अर्ध्या वॉटच्या आसपास येतं. मग महिन्याला पाव युनिटही होत नाही. म्हणजे थोरल्याचं म्हणणं एका टीव्हीसाठी खरं आणि दुसऱ्यासाठी चूक ठरू शकतं. ते ठरतं त्या एका सेटिंगवर.

स्टँडबाय इतकं कमी झालं त्यामागे जगभरच्या लोकांची बरीच खटपट आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 1999 मध्ये आवाहन केलं की कुठल्याही उपकरणाचं स्टँडबाय एका वॉटच्या आत आणा. युरोपने 2013 पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॉटची मर्यादा घातली. टीव्ही बनवणाऱ्या कंपन्या सगळीकडे तेच सुटे भाग वापरतात, म्हणून त्याचा फायदा आपल्यालाही मिळाला. पण टीव्ही सुधारला तेव्हा त्याच्या शेजारचा डबा मागेच राहिला.

तो डबा म्हणजे सेट-टॉप बॉक्स. तुम्ही पत्रात त्याचा उल्लेखही केलेला नाही, कारण तो नवा नाही. रिमोटने तो बंद केला की हिरवा दिवा लाल होतो आणि आपल्याला वाटतं झोपला. आज रात्री टीव्ही बंद करून तासाभराने त्या बॉक्सवर तळहात ठेवून बघा. कोमट लागेल. घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यामुळे कोमट डबा म्हणजे वीज खाणारा डबा. आत ट्यूनर चालू असतो. छपरावरच्या डिशच्या तोंडाशी जो लहान भाग असतो, त्यालाही केबलमधून हाच बॉक्स वीज पुरवतो. अनेक बॉक्स चालू असताना 10-12 वॉट घेतात आणि ‘बंद’ असताना जवळपास तेवढेच. चोवीस तासांचा हिशोब केला तर महिन्याला 7-9 युनिटं होतात, आणि त्यातला मोठा भाग कोणी टीव्ही बघत नसताना जातो. अमेरिकेत एनआरडीसी या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये तिथल्या बॉक्सांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. देशभरातले बॉक्स वर्षाला सुमारे 27 अब्ज युनिटं खात होते आणि त्यातली दोन तृतीयांश कोणी बघत नसताना जात होती. आपले बॉक्स त्यांच्यापेक्षा लहान आहेत, पण खोड तीच.

स्वयंपाकघरातला बोलणारा स्क्रीन मात्र निर्दोष आहे. असे स्क्रीन दोन-चार वॉट घेतात. दिवसरात्र चालू राहिला तरी महिन्याला दोनेक युनिटं. दिरांनी प्रेमाने आणलाय, वापरा. फक्त रात्री त्याचा उजेड आपोआप कमी होईल असं सेटिंग करा. साउंडबार टीव्हीबरोबर बंद होतो की नाही, तेवढं एकदा बघून घ्या. होत नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की दोन्ही एकत्र झोपतात. जुन्या टीव्हीचा स्टॅबिलायझर नव्यालाही लावलेला असेल, तर त्याच्यावरही हात ठेवून बघा. त्यातला ट्रान्सफॉर्मर टीव्ही बंद असतानाही गरम राहतो आणि थोडी वीज खातो. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर ‘100-240 व्होल्ट’ असं छापलेलं असेल, तर तेवढा चढउतार टीव्ही स्वतःच सोसतो. तिथे स्टॅबिलायझरपेक्षा चांगला सर्ज प्रोटेक्टर जास्त उपयोगी.

आता एकूण बेरीज. मोठा आणि भडक टीव्ही 26, जागा राहणारा टीव्ही 7, साउंडबार चार-पाच, छोटा स्क्रीन 2. साधारण 40 युनिटं होतात. उरलेली साठेक युनिटं टीव्हीची नाहीत. ती चवथीच्या घरात शोधा. दीर आले होते म्हणजे पाहुण्यांच्या खोलीत एसी चालला असेल. दीड टनाचा एसी रात्रभर सहा तास चालला तर पाच-सहा युनिटं सहज घेतो. म्हणजे एसीच्या आठ-नऊ रात्री तुमच्या नव्या टीव्हीच्या अख्ख्या महिन्याला भारी पडतात. गिझर दोन किलोवॉटचा असेल तर अर्ध्या तासाला एक युनिट. घरात चार माणसं वाढली की तो किती वेळ चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय नेवऱ्या, मिक्सर, सतत उघडझाप होणारा फ्रिज, मखराभोवतीचे दिवे. हे सगळं त्याच बिलात आलंय.

आणि बिल नीट वाचा. रुपये बघू नका, युनिटं आणि दिवस बघा. मागचं बिल किती दिवसांचं होतं, हे किती दिवसांचं आहे? रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की घर बंद दिसलं म्हणून सरासरीने लावलंय? तुलना आधीच्या महिन्याशी न करता गेल्या वर्षीच्या चवथीच्या बिलाशी करा. रुपये जास्त का चढले, याचं कारण टप्प्यांत आहे. आपल्याकडे गोव्यात घरगुती दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि शंभर-शंभर युनिटांच्या टप्प्यांनी तो वाढत जातो. शेवटची युनिटं सगळ्यात महाग असतात. 312 मधली 12 युनिटं वरच्या टप्प्यात गेली आहेत. म्हणूनच लहानसहान वाटणारी 30-40 युनिटं वाचवण्यात अर्थ आहे.

माझे हे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या टीव्हीचा नेमका आकडा तुमच्या वसरीतला मीटर सांगेल. थोरल्याला या कामाला लावा, त्याला ते आवडेल. डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘3200 imp/kWh’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. दिवसा पंखे-दिवे बंद करा, फ्रिजही दहा-पंधरा मिनिटांपुरता बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तो पूर्ण चार्ज झालेला असू दे. टीव्ही बंद ठेवून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. 11,250 ला त्या सेकंदांनी भागा, उत्तर वॉटमध्ये येतं. मग टीव्ही चालू करून पुन्हा मोजा. समजा आधी 225 सेकंद लागले होते, म्हणजे 50 वॉट. टीव्ही लावल्यावर 60 सेकंद लागले, म्हणजे 187. फरक 137 वॉटचा, तो टीव्हीचा. आता टीव्हीचं चित्र ‘व्हिव्हिड’वरून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘इको’वर आणा आणि तिसऱ्यांदा मोजा. दिव्याची लुकलुक मंदावलेली डोळ्यांना दिसेल. मीटरवर 3200 ऐवजी दुसरा आकडा असेल तर 3,60,00,000 ला त्या आकड्याने भागून जो येईल तो 11,250 च्या जागी घ्या. मीटरला हात लावायचा नाही, काचेतून बघायचं.

हे मोजताना मामंजींना तिथे खुर्ची टाकून बसवा. त्यांच्या मनातली रुखरुख माझ्या सांगण्याने जाणार नाही. नातवाने त्यांच्यासमोर आकडा काढून दाखवला तर जाईल. ज्या पिढीने घरात एक बल्ब आणि एक रेडिओ असताना वीज जपून वापरली, तिला प्रत्येक चालू दिवा टोचतो. तो त्यांचा हट्ट नाही, सवय आहे आणि चांगली सवय आहे. तिला योग्य जागा द्यायला हवी, एवढंच.

म्हणून मेन स्विचचं भांडण असं मिटवा. मेन पाडला की फ्रिजही रात्रभर बंद राहतो. आपल्या हवेत त्यातली मासळी सकाळपर्यंत खराब व्हायला लागते, हे मामंजींना लगेच पटेल. त्याऐवजी सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, स्टॅबिलायझर आणि टीव्ही एकाच स्विचच्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणा. तो बोर्ड हाताला येईल अशा उंचीवर लावा, वाकायला लागू नये. वायफायचा राउटर वेगळ्या पॉइंटवर. रात्री बोर्डचा स्विच बंद करायचं काम मामंजींचं. एवढ्याने बॉक्सची रोजची रात्रभराची वीज वाचते आणि मुलांचं वायफायही चालू राहतं. सकाळी बॉक्स सुरू व्हायला एखाद-दोन मिनिटं लागतील, तेवढ्यात मामंजींचा चहा होतो. एखादा कार्यक्रम रात्री रेकॉर्डला लावला असेल तर त्या दिवशी स्विच चालू ठेवा. बॉक्सचे अपडेट बऱ्याचदा रात्री येतात, म्हणून आठवड्यातून एक रात्र चालू राहिला तर बरं. तुमचा टीव्ही ओएलईडी प्रकारचा असेल तर मात्र टीव्हीचा प्लग या बोर्डवर नको. तो बंद झाल्यावर स्टँडबायमध्ये पडद्याची आतली देखभाल करत असतो.

मामंजींच्या भजनांसाठी एक खास सोय सांगते. भजन ऐकायचं असतं, बघायचं नसतं. बऱ्याच नव्या टीव्हींत ‘स्क्रीन ऑफ’ किंवा ‘पिक्चर ऑफ’ हा पर्याय असतो. पडदा विझतो, आवाज चालू राहतो. मागचा दिवाच बंद झाल्यामुळे टीव्हीचा बराचसा खर्च तिथेच थांबतो. धाकट्याने एकदा रिमोटवर दाखवून दिलं की मामंजी स्वतः करतील. उलट, टीव्ही वापरात नसताना त्यावर देखावे किंवा चित्रं फिरत राहतात तो प्रकार बंद ठेवा. भिंतीवर छान दिसतो, पण तो पडदा चालूच असतो.

विजेच्या कडकडाटाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आपल्याकडे पाऊस सुरू होण्याआधी आणि परतीच्या वेळी जे गडगडतं, त्यात दरवर्षी कितीतरी घरांतले बॉक्स आणि टीव्ही जातात. बोर्डचा स्विच बंद केला की फक्त फेज तुटतो, न्यूट्रलची तार जोडलेलीच राहते. डिशची केबल तर थेट छपरावरून येते. आभाळ भरून आलं की, गडगडाट जवळ यायच्या आत, प्लग काढायचा आणि बॉक्सच्या मागची डिशची केबलही सोडवून ठेवायची. मामंजींना हे बहुधा तुमच्याआधीपासून माहीत असेल.

टीव्ही परत करू नका. सेटिंग बदला, बोर्ड लावा आणि पुढचं बिल पाहुण्यांशिवायच्या महिन्याचं येऊ द्या. यजमानांनाही सांगा की संशय बरोबर होता, पण पूर्ण गुन्हा टीव्हीचा नव्हता. सगळं केल्यावरही आकडा तीनशेच्या वर राहिला, तर मग टीव्ही सोडून फ्रिजचं रबर, गिझर आणि जुनी वायरिंग वायरमनकडून तपासून घ्या.

राहिला थोरल्याचा टीव्ही. त्याच्या खोलीत पलंगापासून भिंत आठ-नऊ फुटांवर असेल तर 32 किंवा फार तर 43 इंच पुरे. दुकानात तो तारे मोजेल, त्याला आधी समजावा. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे त्याच आकाराच्या दुसऱ्या टीव्हीशी तुलना करून दिलेले असतात. पाच तारे असलेला 55 इंची टीव्ही दोन तारे असलेल्या 32 इंचीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलावर ताऱ्यांखाली वर्षाला किती युनिटं असा आकडा छापलेला असतो, तो वाचून दोन-तीन मॉडेल शेजारी शेजारी लावून बघायचे. तो आकडा कंपनीने ठरवून दिलेल्या चित्राच्या सेटिंगवर मोजलेला असतो. म्हणून टीव्ही बसवायला माणूस येईल तेव्हा थोरल्याने समोर उभं राहून ‘होम’ निवडून घ्यावं आणि ‘क्विक स्टार्ट’ तिथल्या तिथे बंद करावं. त्या खोलीसाठी वेगळा सेट-टॉप बॉक्स घेऊ नका. त्याला बहुधा ओटीटीच बघायचं असेल, ते वायफायवर चालतं.